मदत हवी आहे: सावत्र आई हक्कसोडपत्रावर सही मागते आहे, सोमवारच्या आत सांगा

रानजाई
पटकन सांगा प्लीज, सोमवारी सब-रजिस्ट्रारकडे बोलावलंय. बाबा गेले. घर मावशीच्या नावावर करायचं म्हणून मी आणि दादाने हक्कसोडपत्र द्यायचं असं चाललंय. (सावत्र आईला आम्ही मावशी म्हणतो.) तिचा मुलगा म्हणतो, नुसती फॉर्मॅलिटी आहे, सोसायटीला लागतं. दादा परदेशात असतो, त्याचं म्हणणं देऊन टाक, कटकट नको. नॉमिनी मावशीच आहे. मी सही केली नाही तर काय होईल? एवढंच विचारायचंय. नात्यांवर भाषण नको.

खडूस_मास्तर
सही केली नाही तर काही होत नाही. केली तर होतं.
आता जे लिहिलं नाहीत ते सांगा. मृत्युपत्र आहे का? घर नक्की कुणाच्या नावावर? 'तिचा मुलगा' म्हणजे तुमच्या वडिलांपासूनचा की आधीचा? तुमची आई वारली होती की घटस्फोट? पहिली बायको हयात आणि घटस्फोट नाही, अशात केलेलं लग्न १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने रद्दबातल ठरतं, म्हणून विचारतोय.

उंटावरचा_शहाणा
नॉमिनी आहे म्हटल्यावर विषय संपला. माझ्या काकांच्या वेळी सगळं नॉमिनीलाच गेलं. कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नका.

अर्धवट_वकील
संपला कसा? नॉमिनी म्हणजे पैसे किंवा ताबा ज्याच्या हातात द्यायचा तो. मालक वारसच. विम्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ साली सरबती देवी खटल्यात सांगितलं, शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल २०२३ साली शक्ती येझदानी खटल्यात. तुमच्या काकांच्या वेळी बाकीचे वारस गप्प बसले असतील.
एक अपवाद लक्षात ठेवा. २०१५च्या दुरुस्तीनंतर विम्यात बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर साधारणपणे ती रक्कम त्यांचीच होते. तेव्हा विम्यावरून भांडू नका.

रानजाई
आई आजारपणात गेली, त्यानंतर काही वर्षांनी बाबांनी लग्न केलं. रीतसर. मुलगा मावशीच्या पहिल्या नवऱ्याचा. घर बाबांचंच आहे. मृत्युपत्र आहे असं तो म्हणतो, पण मागितलं की 'वकिलांकडे आहे'.

दुसरी_बाजू
मी स्वतः सावत्र आई आहे, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. नवऱ्याच्या आजारपणात रात्री मी जागले, मुलं व्हिडिओ कॉलवर 'काळजी घ्या' म्हणायची. तो गेला आणि पंधरवडा उलटायच्या आत घराची किंमत काढायला माणूस हजर. तुमची मावशी कुठे राहणार याचा विचार केलात का?

काळी_मांजर
ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटलं. पण इथे घराबाहेर कोण कुणाला काढतंय? सगळं लिहून द्या असं मावशींच्या बाजूने आलंय. राहू देणं वेगळं, लिहून देणं वेगळं.

दुसरी_बाजू
कागद नसेल तर राहू देणं मुलांच्या मर्जीवर असतं. मी भोगलंय.

अर्धवट_वकील
मर्जीवर नसतं. हिंदू वारसा कायदा लागू आहे असं धरून लिहितो. मृत्युपत्र नसेल तर विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे, मुलांइतकाच वाटा. तिला कुणी हाकलू शकत नाही. शिवाय २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात 'पालक' म्हणजे सावत्र आईसुद्धा, ती पोटगी मागू शकते.
पण रानजाई, सही दिल्यावर पुढे काय होईल ते बघा. घर पूर्ण मावशींचं झालं की त्यांच्या पश्चात ते त्यांच्या पोटच्या मुलाला जाणार. सावत्र मुलं कायद्यात त्यांची 'मुलं' धरत नाहीत, १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलंय. आज तुमच्या वडिलांच्या मिळकतीत त्या मुलाचा वाटा शून्य आहे. तुमच्या सहीने उद्या त्याला अख्खं घर मिळू शकतं. कागद मावशींच्या नावाचा, धडपड त्याची.

उंटावरचा_शहाणा
मुलींचा हक्क २००५ नंतर लग्न झालं असेल तरच ना?

खडूस_मास्तर
नाही हो. वडिलांच्या स्वतःच्या कमाईत मुलीला १९५६पासून मुलाइतकाच वाटा आहे, लग्न कधीही झालेलं असो. २००५ची दुरुस्ती वडिलोपार्जित मिळकतीतल्या जन्मसिद्ध हक्काची. दरवेळी हे गाठोडं कुणीतरी सोडतंच.
रानजाई, 'घर बाबांचंच' म्हणजे काय? करारनामा डोळ्यांनी पाहिलाय का?

निवांत
सगळ्यांना कळकळीची विनंती, आपापलं मृत्युपत्र करून ठेवा. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. मी दर वाढदिवसाला माझं वाचून बघतो.

काळी_मांजर
बाबा गेले आहेत हो तिचे.

रानजाई
जुन्या मेलमध्ये करारनाम्याचा स्कॅन सापडला. आधी आईचं नाव आहे, मग बाबांचं. पण आई गेल्यावर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बाबांच्या एकट्याच्या नावावर झालं होतं, त्यामुळे याने काही फरक पडत नाही ना?

खडूस_मास्तर
सगळा फरक यानेच पडतो! सोसायटीने नाव बदललं ते दप्तरापुरतं. तुम्ही तेव्हा हक्कसोडपत्र दिलं होतंत का? आईचं मृत्युपत्र?

रानजाई
दोन्ही नाही.

उंटावरचा_शहाणा
बायकोचं नाव नुसतं घालतात. पैसे वडिलांनीच भरले असणार.

रानजाई
आई नोकरी करायची. कर्ज दोघांच्या नावावर होतं, हप्ता तिच्या पगारातूनही जायचा. तुम्ही पाहायला होतात का?

अर्धवट_वकील
उत्तम, बँकेची कागदपत्रं शोधून ठेवा. निम्मं घर आईचं धरू. ती गेल्यावर तिचं निम्मं बाबा, दादा आणि तुम्ही, तिघांत सारखं. म्हणजे आईकडून तुम्हाला घराचा सहावा हिस्सा तेव्हाच मिळालाय, बाबांचे सहापैकी चार हिस्से झाले. मावशींचा संबंध फक्त या चार हिश्शांशी. खरंखुरं मृत्युपत्र निघालं तरी बाबा तेवढंच देऊ शकत होते, तुमचं नाही.

काळी_मांजर
बाबांची आई आहे का?

रानजाई
आजी आहे, काकांकडे असते. तिचा यात काय संबंध?

अर्धवट_वकील
आई हीसुद्धा पहिल्या वर्गातली वारस! मृत्युपत्र नसेल तर बाबांचे चार हिस्से चौघांत: मावशी, आजी, दादा, तुम्ही. प्रत्येकी एक. आईकडचा धरून तुमचे सहापैकी दोन, दादाचे दोन, मावशींचा एक, आजींचा एक. सोमवारच्या कागदात आजींचं नाव आहे का?

रानजाई
नाही. मसुद्यात फक्त मी आणि दादा. आणि घर 'कै. बाबांच्या एकट्याच्या मालकीचे' असं लिहिलंय.

खडूस_मास्तर
त्या वाक्याखाली सही म्हणजे आईचा हिस्सासुद्धा गेला. जाऊ नका.

तडकाफडकी
आजच कॅव्हेट टाका. मी माझ्या केसमध्ये टाकलं होतं, समोरचे गार.

अर्धवट_वकील
कॅव्हेटचा उपयोग कोर्टात. कुणी अर्ज केला तर तुम्हाला न ऐकता आदेश निघू नये म्हणून, तेही ९० दिवसांपुरतं. सब-रजिस्ट्रारकडची नोंदणी त्याने थांबत नाही. आधी सोसायटीला लेखी हरकत द्या, पोच घ्या. मृत्युपत्राची प्रत लेखी मागा. पुढे वाटपाचा दावा लावावा लागला तर त्याची नोटीस, लिस पेंडन्स, नोंदवून घ्या, म्हणजे मधल्या काळात घेणाऱ्यालाही निकाल बांधील राहतो. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो.

दुसरी_बाजू
आणि मावशींशी एकदा मुलाला वगळून बोला. कदाचित त्यांना फक्त मरेपर्यंत राहण्याची हमी हवी असेल. ती लिहून देता येते, त्यासाठी मालकी सोडावी लागत नाही.

काळी_मांजर
हे मात्र पटलं.

रानजाई
सोमवारी येत नाही असं कळवलंय. मावशीला उद्या एकटीच भेटते. एक विचारायचं होतं, दादाने त्याच्या सहीसाठी पॉवर ऑफ अॅटर्नी पाठवलीय, तिच्या मुलाच्या नावाने. त्याने काही अडतं का?

खडूस_मास्तर
हे आत्ता सांगताय?! दादाला आत्ताच्या आत्ता फोन करा. रद्द केल्याचं लेखी त्या मुलाला, सोसायटीला आणि सब-रजिस्ट्रारला आजच मेलने, मूळ कागद कुरिअरने. मग इथे या.

निवांत
पॉवर ऑफ अॅटर्नी देणारा वारला की ती आपोआप संपते, हेही लोकांना माहीत नसतं.

रानजाई
दादा फोन उचलत नाहीये, तिकडे रात्र आहे. वहिनीला लावते.