चार फुगे बांधून पाहा
पाण्याचा रेणू सरळ का नाही, दोन हायड्रोजन समोरासमोर का नसतात, असा प्रश्न पडतो. कारण ऑक्सिजनवरच्या दोन लोन पेअर, म्हणजे बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्यासुद्धा जागा अडवतात! पुण्यात अकरावीच्या मुलांना शिकवताना मी तुळशीबागेतून फुगे आणते. एकेक फुगा म्हणजे इलेक्ट्रॉनांची एक जोडी. सारखे फुगवलेले चार फुगे देठाशी बांधले की आपोआप चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचा आकार) होतो, चार बंधांच्या मिथेनचा १०९.५ अंशांचा कोन हाच. लोन पेअरवर मात्र एकाच केंद्रकाची ओढ असते, म्हणून ती जास्त पसरते आणि बंधांना जवळ ढकलते. म्हणून एक लोन पेअर असलेल्या अमोनियात कोन सुमारे १०७, दोन असलेल्या पाण्यात १०४.५ अंश. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एकमेकींना दूर ढकलतात आणि त्यातून रेणूचा आकार ठरतो, ही मांडणी गिलेस्पी आणि नायहोम या रसायनशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये केली. हायड्रोजन सल्फाइडचा कोन मात्र जेमतेम ९२! तिथे फुग्यांचं उदाहरण पुरत नाही, हेही मी त्याच तासाला सांगते.