सामायिक तळं, खासगी सल्लागार: एआयशी बोलून माणसं कमी ओरबाडतात की जास्त?

उपसा_मोजणारा
कुरण, मासेमारीचं तळं, भूजल. जिथे घ्यायला कोणालाच अडवता येत नाही आणि एकाने घेतलं की दुसऱ्याचं कमी होतं, अशा ठिकाणी माणसं एकमेकांशी बोलली की उपसा आटोक्यात राहतो, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिनच्या सामायिक कुरणावरच्या १९६८च्या निबंधातले गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत, म्हणून कुरण उजाड होतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम, वॉकर आणि गार्डनर या संशोधकांनी १९९२ साली प्रयोगशाळेत असाच एक खेळ मांडून खेळाडूंना बोलू दिलं. कोणताही करार सक्तीने पाळायला लावला नव्हता, तरी उधळपट्टी कमी झाली. एकदाच बोलू दिल्यावर थोडी कमी, दर फेरीआधी बोलू दिल्यावर बरीच कमी.

आता तो शेजारी बाजूला सारून प्रत्येकजण आपापल्या चॅटबॉटला विचारतोय. माझं मत असं की याने उपसा वाढेल, आणि तोही चॅटबॉट चुकल्यामुळे नव्हे, बरोबर उत्तर दिल्यामुळे.

त्या प्रयोगांतलंच गणित घ्या. ८ खेळाडू, प्रत्येकी १० टोकन. खासगी कप्प्यात टोकनमागे ५ गुण ठरलेले. सामायिक कप्प्यात सगळ्यांचे मिळून क्ष टोकन पडले तर उत्पन्न २३क्ष − ०.२५क्ष², आणि ते ज्याच्या-त्याच्या टोकनांच्या प्रमाणात वाटलं जातं. खासगीत मिळाले असते ते गुण वजा केले तर क्ष ३६ असताना गटाचा निव्वळ फायदा ३२४. प्रत्येकाने फक्त स्वतःचं पाहिलं तर क्ष ६४वर जातो आणि फायदा १२८वर येतो. ७२ला शून्य.

समजा सगळ्यांनी सरासरी साडेचार टोकनांवर एकमत केलं. आता एकाने चॅटबॉटला विचारलं, “बाकीचे शब्द पाळणार आहेत, मी किती टाकू?” गणिताने उत्तर येतं: दहाच्या दहा. त्याचा फायदा ४०.५ वरून ७६.२५ होतो, बाकी प्रत्येकाचा ४०.५ वरून सुमारे ३४ वर घसरतो. हा सल्ला आठही जणांना बंद दाराआड मिळाला, की झालं!

आधी_आकडे
प्रश्नच स्वार्थी विचारलात तर उत्तर तसंच येणार, त्यात यंत्राचा काय दोष? आणि तुम्ही एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली. त्या चर्चांमध्ये माणसांचं पहिलं काम असायचं ३६ हा आकडा शोधणं. वर्गसमीकरणाचा शिखरबिंदू डोक्यात काढता येणारे किती? काही गट तर चुकीच्या आकड्यावरच एकमत करतात. ते काम एआय मिनिटात करतो.

२०२४ साली भाषा-मॉडेलांवरच, म्हणजे चॅटबॉट ज्यांवर चालतात त्या प्रणालींवर, एक अभ्यास झाला; खेळाडूही तीच. तळ्यात १०० टन मासे, पाच कोळी, महिन्याअखेर उरलेले मासे दुप्पट होतात, पण १००च्या वर जात नाहीत. म्हणजे महिन्याला एकूण ५० टन, माणशी १० टन काढले तर तळं टिकतं. त्यात मॉडेलला “सगळ्यांनी असंच केलं तर काय होईल?” हा विचार करायला लावल्यावर तळं जास्त टिकलं. एका वाक्याचा फरक. हेच वाक्य माणसासमोर ठेवणारा सल्लागार फुकट मिळतोय, तर का नको?

उपसा_मोजणारा
तोच अभ्यास पुरता सांगा ना. बहुतेक मॉडेलांनी तळं संपवलं, आणि सर्वांत चांगल्या मॉडेललाही ५४ टक्क्यांहून कमी खेळांतच सामायिक साठा शेवटपर्यंत टिकवता आला. आपसातलं बोलणं बंद केल्यावर उपसा वाढला, हेही त्यातच आहे. म्हणजे यंत्रांनाही एकमेकांशीच बोलावं लागलं!

आणि चूक लक्षात यायला किती उशीर होतो ते पाहा. पाचातल्या एकानेच १० ऐवजी १५ टन काढले. एकूण ५५, उरले ४५, दुप्पट होऊन ९०. पुढच्या महिन्यात ३५ उरून ७०. मग १५ उरून ३०. चौथ्या महिन्यात ५५ काढायला मासेच नाहीत. पहिल्या महिन्यात तळं फक्त दहा टक्क्यांनी कमी दिसतं. चॅटबॉटला “९० आहेत, चाललंय ना?” असं विचारलं की तो बहुधा विचारणाऱ्याच्या सुरात सूर मिसळतो. शेजारी मात्र विचारतो, “तू पंधरा का काढलेस?”

आडवातिडवा
एआयचीच डेटा केंद्रं थंड ठेवायला पाणी आणि वीज लागते, ते कोणत्या तळ्यातून येतं?

आधी_आकडे
प्रश्न रास्त, पण तो यंत्राच्या खाण्याचा आहे. इथे माणसाच्या वागण्याबद्दल चाललंय. वेगळा मांडा.

पाटकरी
दोघेही खिशातल्या एआयवर भांडताय. तो मधल्या टेबलावर ठेवून पाहा. एकच पडदा, सगळ्यांना दिसणारा. आधी मोजमाप: पातळी किती, मागच्या वेळी किती होती, कोणी किती घेतलं. मग एआयला तीन-चार पर्यायी वाटण्या मांडायला सांगायच्या, आणि प्रत्येकीत सर्वांत कमी कोणाला मिळतं हे वेगळं लिहायला लावायचं. हे सांगितल्याशिवाय तो सरासरी देतो आणि सरासरीत शेवटचा माणूस बुडतो. वाटणी निवडायची माणसांनी, आणि “मी इतकंच घेईन” हे तोंडाने म्हणायचं.

कुठे बिघडतं? एक म्हणजे एककं. कोणी तास सांगतो, कोणी लिटर, आणि पंपाचा दर न विचारताच एआय बेरीज करून मोकळा होतो. दुसरं म्हणजे पुनर्भरणाचा आकडा. तुमच्या तळ्याचा मोजलेला दर दिला नाही तर तो कुठलातरी सर्वसाधारण धरतो.

तिसरी गोष्ट जास्त खोल आहे. नियम असा हवा की शेजाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी तपासता येईल. स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावाचा १५१७चा नियम ऑस्ट्रॉमच्या लिखाणामुळे गाजला: हिवाळ्यात जेवढ्या गायी पोसता येतात, त्याहून जास्त उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात पाठवायच्या नाहीत. गवत मोजता येत नाही, गायी मोजता येतात. एआयला नियम विचारलात तर तो गवताचं सूत्र देईल, हेक्टरी टनांसकट. ते बरोबर असलं तरी निरुपयोगी, कारण ते कोणी तपासू शकत नाही.

आधी_आकडे
टेबल मान्य, पण खिसा काढून घेऊ नका. बैठकीत मोठ्या आवाजाचा माणूस आकडा फेकतो आणि बाकीचे माना डोलावतात. पाटाच्या शेवटी ज्याचं शेत आहे, त्याने आदल्या रात्री एआयकडून हिशेब समजून घेतला तर तो सभेत तोंड उघडेल. गटाच्या मतांतून सर्वांना पटेल असा मसुदा एआयने लिहिण्याचाही प्रयोग झालाय, २०२४ सालीच. लोकांनी तो माणूस-मध्यस्थाच्या मसुद्याहून जास्त वेळा पसंत केला.

उपसा_मोजणारा
मसुदा आवडणं आणि तो पाळणं यांत अंतर आहे. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचं, पाटाच्या पाण्याचे तंटे सोडवणारं पाणी-न्यायालय दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात, सगळं तोंडी आणि चारचौघांत चालतं. तिथला वचक कागदाचा नाही, उद्या त्याच पाटावर उभं राहायचंय याचा आहे. चॅटबॉटला दिलेला शब्द मोडला तर खिडकी बंद केली की विषय संपला.

पाटकरी
मग मोजूनच ठरवू. चार गट: बोलणं नाही, प्रत्येकाला खासगी एआय, टेबलावर एक एआय, फक्त माणसं. दोन खबरदाऱ्या. शेवटची फेरी कोणती ते सांगायचं नाही, नाहीतर तिच्यात सगळे हात मारून घेतात. आणि २३ व ०.२५ हे गुणक बदलायचे, कारण मॉडेलांनी हा प्रयोग वाचलेला असण्याचीच शक्यता जास्त. ते खेळ ओळखून पाठ केलेलं शहाणपण ऐकवतील.

आधी_आकडे
पाचवा गट राहिला: एआयशी भलत्याच विषयावर तेवढाच वेळ गप्पा. थांबून विचार करायला वेळ मिळाल्यानेच हात आखडला असेल, तर श्रेय सल्ल्याला देता येणार नाही.

उपसा_मोजणारा
घ्या पाचवा. पण खासगी गटातला प्रत्येक प्रश्न शब्दशः नोंदवायचा. “मी किती घेऊ” आणि “आपण किती घ्यावं” असे दोन ढीग करून उपसा वेगवेगळा मोजू.