'सई' हे नाव आता फार झालंय का?

माणदेशी
लेक एकोणीस दिवसांची झाली. बारसं पुढच्या रविवारी आहे आणि नावावरून घरात दोन तट पडलेत. मला आणि नवऱ्याला 'सई' ठेवायचंय. नणंदबाईंचं म्हणणं, "अगं, गल्लोगल्ली सई झाल्यात. आमच्याच सोसायटीत तिघी आहेत. संध्याकाळी खाली जाऊन एक हाक मार, तिन्ही पोरी वळून बघतील." आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव त्याच सांगणार. त्यांचा शब्द डावलून पुढं जायला मन घेत नाही.

माझं कारण सांगते. माझी आजी माण तालुक्यातली. दारावरनं जाणाऱ्या तिच्या मैत्रिणीला तिनं कधी नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. "सई, टेक की गं जरा," म्हणायची. मग दोघी उंबऱ्यावर बसायच्या, मधे मिश्रीची डबी. ती मैत्रीण गेली तेव्हा आजी दोन दिवस "माझी सई गेली" एवढंच म्हणत होती. तिचं खरं नाव मला दहाव्याच्या दिवशी कळलं. ती हाक घरात पुन्हा ऐकू यावी एवढीच माझी इच्छा आहे. तुम्हाला काय वाटतं?

चिमणपाखरं
बाळाला आशीर्वाद. पण मी नणंदबाईंच्या बाजूची. नऊ वर्षं बालवाडीत शिकवतेय. यंदा वर्गात २४ मुलं, त्यात ३ सई. जूनच्या पहिल्याच आठवड्यात मुलांनी 'मोठी सई', 'छोटी सई' आणि 'चष्मावाली सई' अशी वाटणी करून टाकली. छोटी सई दिवाळीपर्यंत मोठीपेक्षा उंच झाली, तरी ती छोटीच. पाहुण्यांनी नाव विचारलं तर ती स्वतःच 'छोटी सई' सांगते. चष्मावालीची आई एकदा फाटकापाशी हे ऐकून रडवेली झाली होती. आडनावं लावून पाहिली, पण चार वर्षांच्या लेकराला आडनावानं हाक मारणं माझ्याच जिभेवर येईना. नाव गोड आहे, त्याबद्दल वाद नाही. पण दिवसभर दुसऱ्या कुणासाठी आलेल्या हाकेला वळून बघायचं आणि "तू नाही गं" ऐकून खाली बसायचं, हे त्या मुलीच्या वाट्याला येतं. आईबापांच्या नाही.

सातवी_ब
ताई, असहमत. १९७८ साली मी सातवीत होते. वर्गात चार सुनीता, तीन संगीता, दोन मंगल. बाई हजेरीला 'सुनीता एक, सुनीता दोन' असं म्हणायच्या. कुणाचं काही बिघडलं नाही. माझ्या आईच्या वेळी सुमन, कुसुम, शकुंतला घरोघरी होत्या, माझ्या मुलीच्या वर्गात पूजा आणि नेहा. आता तुमच्या बालवाडीत एक तरी सुनीता आहे का सांगा.

चिमणपाखरं
नाही, एकही नाही. पण त्या 'सुनीता चार'ला काय वाटायचं, ते कुणी तिला विचारलं होतं का?

सातवी_ब
मीच सुनीता चार. पहिल्या तिघी शाळा सुटल्यावर माझ्यासाठी दारात थांबून असायच्या. आजही आम्ही चौघी दर संक्रांतीला भेटतो.

कावेरीकाठ
माझा मुद्दा वेगळा आहे. आम्ही अकरा वर्षं बंगळुरात. लेक सई, इंग्रजीत एस-ए-आय लिहिलं. इथं सगळे ते 'साई' वाचतात, आणि साई म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढं मुलगाच येतो. शाळेच्या पहिल्या दिवशी तिचं नाव मुलांच्या यादीत होतं. ती घरी येऊन म्हणाली, "आई, मी मुलगा आहे का?" सई परांजपे, सई ताम्हणकर एस-ए-आयच लिहितात हे मला माहीत आहे, पण त्यांना लोक ओळखतात. माझ्या पोरीला दर नव्या माणसाला समजावून सांगावं लागतं. नाव बिनधास्त ठेवा, स्पेलिंग मात्र एस-ए-ई-ई करा. एकदा आधार-पासपोर्ट झाला की बदलताना जीव जातो.

गडवाट
सई हे नाव नट्यांनी आणि मालिकांनी आणलं असं कुणी समजू नये. फलटणच्या निंबाळकरांची लेक सईबाई १६४० साली शिवाजी महाराजांशी लग्न होऊन भोसल्यांच्या घरात आली. १६५७ मध्ये पुरंदरावर शंभूराजे झाले. १६५९ च्या सप्टेंबरात, अफजलखान स्वराज्यावर चालून आलेला असताना, सईबाई राजगडावर गेल्या. लेकरू तेव्हा सव्वादोन वर्षांचं. गडाच्या पायथ्याला पाल गावात समाधी आहे. मी मागच्या श्रावणात गेलो तेव्हा दगडावर कुणीतरी चाफ्याची दोन ओली फुलं ठेवून गेलं होतं. त्या माउलीचं नाव शंभर घरांत गेलं तरी मला ते जास्त झालं असं वाटणार नाही.

भागीरथीची_नात
गडवाट, इतिहासच हवा असेल तर त्याच घरात सगुणाबाईही होत्या, पुतळाबाई होत्या, काशीबाई होत्या. सगुणा किती सुरेख नाव आहे! त्यांच्या वाटेला का कुणी जात नाही? मला याचं खरंच वाईट वाटतं. सगळ्यांना जुनं नाव हवंय, पण दोन अक्षरांचं, कुठल्याही शहरात खपणारं. सई, मीरा, रेवा, ओवी, ईरा. गोदावरी, यमुना, रखमा, सरस्वती यांना कुणी उचलून घेत नाही. माझ्या आजीला अकरा पणत्या झाल्या, एकीचंही नाव भागीरथी नाही. एकीचं ठेवू या म्हटलं तर माझाच भाऊ म्हणाला, "पोरीला शाळेत चिडवतील." तेव्हा माणदेशीताई, आजीची आठवणच ठेवायची तर आजीचंच नाव का ठेवत नाही?

माणदेशी
आजीचं नाव नकुसा होतं. चार बहिणींच्या पाठीवर झालेली. म्हणून नाही ठेवत.

भागीरथीची_नात
माफ करा ताई. मला कल्पना नव्हती.

अजिंक्यतारा
साताऱ्याकडच्या माणसाला यावर दोन शब्द लिहायलाच हवेत. २०११ च्या ऑक्टोबरात आमच्या जिल्ह्यात 'नकुशा' नाव असलेल्या २८५ मुलींचं सरकारी कार्यक्रमात नव्यानं बारसं झालं. नावं मुलींनी स्वतः निवडली. कुणी ऐश्वर्या घेतलं, कुणी वैशाली, कुणी सावित्री. म्हणजे घरोघरी असलेलीच नावं. चारचौघींसारखं नाव मिळणं ही त्या पोरींसाठी केवढी मोठी गोष्ट होती. वर्गात दुसरी वैशाली आहे का, हे त्यांनी बघितलंही नसेल.

विमल_होते
मी सहसा लिहीत नाही, वाचते फक्त. १९८३ साली माझं लग्न झालं. भरल्या मांडवात तामणातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं. मला ते आधी कुणी विचारलं नव्हतं. अक्षरं उलटी दिसत होती म्हणून मी मान वाकडी करून वाचलं. माहेरी मी विमल. आळीत आम्ही तिघी विमल होतो, तरी ते माझं होतं. सासरचं नाव सगळ्या नात्यागोत्यात एकटं, तसं दुसरं कुणाचं नाही. पण चाळीस वर्षं उलटली तरी पाठीमागून त्या नावानं हाक आली की वळायला मला क्षणभर वेळ लागतो. तुमच्या सोसायटीत तीन सई असतील तर असू देत. मुलीला ज्या नावानं मायेची हाक ऐकू येईल, ते ठेवा.

सखी_सही_सई
शब्दाचीही गंमत बघा. संस्कृत सखी, प्राकृतात सही, मराठीत सई. मैत्रिणीला मारायची हाकच ती, मग ती एकीपुरती कशी राहील?

बाकी घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं. त्यामुळे आडनावासकट दोन सई निघाल्या तरी कागदावर घोटाळा व्हायचा नाही.

चिमणपाखरं
कागदावरचं ठीक आहे. मला काळजी वर्गातली आहे. विमलताईंचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, तरी माझं मत बदललेलं नाही.

माणदेशी
काल रात्री नणंदबाईंना सगळं वाचून दाखवलं. विमलताईंपाशी आल्यावर त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि ते स्वतः पुन्हा वाचलं. मग बाळाला मांडीवर घेऊन आधी 'सई' म्हणून बघितलं, मग 'सगुणा'. बाळ झोपेतच होतं. रविवारी कानात दोन्ही नावं सांगायचं म्हणतायत. दाखल्यावर सई, एस-ए-ई-ई. घरात सगुणा.

चिमणपाखरं
तसं असेल तर शाळेत घालताना घरचं नाव बाईंना नक्की सांगून ठेवा. माझ्या वर्गात आली आणि आधीच एखादी सई असली, तर मी हिला सगुणाच म्हणेन.