मदत हवी आहे: आंधीत पडलेला कडुलिंब, तोंडावर पाऊस आणि बंबाचं सरपण (ग्वाल्हेर)

लष्करची सून

नमस्कार मंडळी. मेअखेरच्या आंधीत आमच्या वाड्यातला जुना कडुलिंब आडवा झाला. माणसांना काही झालं नाही, मागच्या भिंतीचा वरचा थर तेवढा गेला. खोड विकत न्यायला लोक आले होते, पण सासूबाईंचा हुकूम असा की एक ढलपीसुद्धा घराबाहेर जायची नाही. आमच्याकडे तांब्याचा बंब अजून चालू आहे. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा तीन-चार अंशांवर येतो, तेव्हा गीझरच्या पाण्याला त्या पाणीच मानत नाहीत.

तर आता लाकडं अंगणात पडली आहेत. तोडणाऱ्याने हातभर लांबीचे ओंडके करून दिलेत. काही मनगटाएवढे, काही मांडीहून जाड. सगळं ओलं आहे, करवत लावली की अजून वास येतो. जूनअखेर पाऊस सुरू होईल. थंडीपर्यंत हे कोरडं कुठे आणि कसं ठेवायचं?

जागा तीन आहेत. मागचं अंगण: उघडं, मातीची जमीन, उत्तरेला दगडी भिंत. जिन्याखालची खोली: थेंबभर पाणी येत नाही, पण खिडकीही नाही, आणि तिच्या जुन्या चौकटीला मागे एकदा वाळवी लागली होती. तिसरी गच्ची, जुन्या पद्धतीची, दगडी पटियांची.

यांचं म्हणणं, मोठी निळी तिरपाल (ताडपत्री) आणून ट्रकच्या मालासारखं चारी बाजूंनी करकचून बांधून टाकू. सासूबाई म्हणतात जिन्याखालीच ठेवा, आमच्या वेळी तिथेच असायची. पण त्यांच्या वेळी लाकूड टालीवरून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, वाळलेलं यायचं, हा फरक मी बोलून दाखवलेला नाही. घरात शांतता हवी आहे.

कोणी स्वतः सरपण साठवत असेल तर सांगा. पुस्तकी नको.

मालवी माणूस

ताई, तुमचे हे बरोबर आहेत. आम्ही इंदूरला बाफले (कणकेचे गोळे) भाजायच्या गोवऱ्या तिरपालीखालीच ठेवतो. चांगल्या जाडीची घ्या, वर चार विटा ठेवा, झालं.

निवृत्त वखारवाला

मालवी भाऊ, गोवरी उन्हात कडक वाळवूनच आपण झाकतो. इथे ताजा कडुलिंब आहे. त्याच्या वजनाचा मोठा हिस्सा पाणी आहे आणि ते पाणी तिरपालीच्या आत राहणार आहे. दिवसा उन्हाने लाकडातून वाफ निघेल, रात्री तिरपालीच्या आतल्या बाजूला तिचे थेंब होऊन परत लाकडावर पडतील. ऑगस्टमध्ये उघडाल तेव्हा पांढरी बुरशी दिसेल. कोरडं लाकूड तिरपालीत बांधलं तर चालून जातं, ओलं बांधलं तर ते कुजायला घातल्यातच जमा.

आता सूनबाई, तुम्ही झाकायचं कशाने हे विचारताय. मी म्हणेन, आधी फोडा. तुमच्याकडे आत्ता जे आहे ते पुढचे चार महिने मिळणार नाही: ग्वाल्हेरची लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम कोरडा वारा. लाकूड हवेच्या मानाने वाळतं. हवेत आर्द्रता तीस टक्के असेल तर ते सहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. आर्द्रता ऐंशी टक्के झाली की कितीही उत्तम झाका, पंधरा-सोळा टक्क्यांच्या खाली ते जाणारच नाही. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फार वाळेल ही आशा सोडा. त्या दोन महिन्यांत फक्त भिजू द्यायचं नाही. खरं वाळणं आत्ता होईल आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.

दुसरं, लांबी. लाकडातलं पाणी रेषांच्या दिशेने, म्हणजे कापलेल्या तोंडांतून, आडव्यापेक्षा दहा-पंधरा पट वेगाने बाहेर येतं. हातभर ओंडका सालीसकट ठेवलात तर वर्षभर आतून ओला राहील. तुमच्या बंबाच्या तोंडात तसंही वीतभराहून मोठं लाकूड जात नाही. मग जे डिसेंबरात कापणार ते आत्ताच कापा: वीतभर लांब, मनगटाएवढं जाड, आणि प्रत्येक तुकड्याची एक तरी बाजू फोडलेली. साल शाबूत असेल तर पाणी कोंडून राहतं.

कडुलिंबाच्या रेषा पिळलेल्या असतात, त्यामुळे फोडणारा कुरकुर करेल. पण ओला असताना निदान फुटतो, वाळला की कुऱ्हाड उलटी येते. पाचर वापरायला सांगा. गाठीचे ओंडके फोडत बसू नका, ते बाजूला ठेवा आणि होळीला द्या.

फोडलेलं सगळं पाऊस येईपर्यंत अंगणात उन्हात पसरून ठेवा. रोज वरखाली करायची गरज नाही.

कोकणातला

आमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस, तुमच्याकडे नऊशेच्या आसपास असेल. तेव्हा तुम्ही फार घाबरू नका. आम्ही आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, आधी लाकूड भरतो ते खोपीत. खोप म्हणजे चार खांब, वर छप्पर, बाजू उघड्या. पावसाच्या बाजूला तेवढी झावळ्यांची ताटी. वारा आरपार गेला पाहिजे. कडेचा हातभर भाग भिजतो, उघडीप झाली की दोन दिवसांत सुकतो. वरवरच्या पाण्याने लाकूड बिघडत नाही. पाणी साचून राहिलं की बिघडतं.

रोजची लागणारी लाकडं चुलीच्या वरच्या फळीवर. तुमच्याकडे चूल नाही, बंब आहे, आणि बंबाच्या डोक्यावर काही ठेवू नका. ठिणगी उडते.

लष्करची सून

वखारवाले काका, फार आभार. फोडणारा उद्यापासून येतोय, पाचरीचं ऐकून त्याने मजुरी वाढवली.

आता जागेचं सांगा. तुमचं दोघांचं वाचून जिन्याखालची खोली बाद झाली असं समजते. मग गच्ची का नको? ऊन भरपूर, वारा भरपूर, माती नाही म्हणजे वाळवी नाही.

बांधकामवाला

गच्चीचं मी सांगतो. ओल्या लाकडाचा भरीव घनफूट सहज पंचवीस किलो भरतो. एक अख्खं झाड एका कोपऱ्यात रचाल तर कित्येक क्विंटल वजन होईल. तुमची गच्ची पटियांची आहे, म्हणजे गर्डरवर किंवा भिंतींवर आडवे टाकलेले वालुकाश्माचे लांब पट्टे. हा दगड दाब उत्तम सोसतो, वाकणं अजिबात सोसत नाही. लोखंड आधी वाकून इशारा देतं, पटिया एकदम तुटते. जुन्या पटियेत केसासारखी चीर असेल तर खालून दिसतही नाही. तेव्हा नको. फार तर भिंतीच्या बरोबर वर आठवड्याभराची लाकडं वाळत घाला.

उलट तुमच्या भागात जुन्या पटियांचे तुकडे स्वस्तात मिळतात. ते अंगणात वापरा. विटांचे दोन-दोन थर, त्यावर पटिया. जमिनीपासून सहा इंच वर झालात की काम झालं.

निवृत्त वखारवाला

बांधकामवाल्यांशी सहमत. अंगणच. फक्त पटिया एकमेकींना चिकटवून ठेवू नका, मध्ये बोटभर फट ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल आणि पाणी साचणार नाही.

थप्पी भिंतीला टेकवून लावू नका. वीतभर तरी मोकळी ठेवा, हात घालून पाहता आलं पाहिजे. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करत चढते. विटांच्या पायांवर आणि भिंतीवर अशा नळ्या दिसल्या की काठीने मोडा. मोकळी जागा असेल तरच त्या दिसतात. कडुलिंबाला वाळवी लागत नाही असं लोक ठामपणे सांगतात. आतल्या लालसर गाभ्याच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. बाहेरच्या फिक्या लाकडाचा भरवसा धरू नका. त्यात भुंगेही पडतात आणि खाली पिठासारखा भुसा दिसतो. तसे तुकडे आधी जाळून संपवा, घरात आणू नका. जुन्या चौकटी असलेल्या वाड्यात तर नाहीच.

आणि एक, कोणी सांगेल की लाकडांवर वाळवीचं औषध फवारा. अजिबात नको. तेच लाकूड न्हाणीघरात जळणार आहे. औषध द्यायचंच तर थप्पीभोवतीच्या जमिनीत, तेही जाणत्या माणसाकडून.

थप्पीची उंची कमरेपर्यंत. दोन्ही टोकांना तुकडे उभे-आडवे रचा, म्हणजे ढासळणार नाही. सगळ्यात वरच्या थराला साल वरच्या बाजूला.

मग छप्पर. पत्रा मिळाला तर पत्रा, नाहीतर तुमच्या ह्यांची तिरपाल. त्यांचंही मन राहील. पण ती फक्त डोक्यावर. लाकडाला चिकटू द्यायची नाही. बांबू टाकून चार बोटं वर उचलायची, एका बाजूला उतार द्यायचा, कडा थप्पीच्या बाहेर फूटभर काढायच्या. बाजू उघड्या. पत्रा असेल तर तारेने बांधा, नुसत्या विटा ठेवू नका. आंधीत उडालेला पत्रा माणसाला कापतो.

प्रयोगशाळेतली

पुस्तकी नको म्हटलंय, तरी एक सोपी गोष्ट. वाळलं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. चार-पाच तुकड्यांवर खडूने नंबर घाला, आत्ता वजन करा आणि दर पंधरवड्याला करत राहा. स्वयंपाकघरातला काटा चालेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत वजन उतरायचं थांबलं की समजा वाळलं. दोन पिना टोचायचा ओलावामापकही मिळतो, पण तो बाहेरून टोचू नका. तुकडा फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा. वीस टक्क्यांच्या खाली आलं तर जाळायला घ्या.

ओलं जाळल्याने होतं काय, तर आधी त्यातलं पाणी उकळून उडवावं लागतं. एका किलो पाण्यामागे अडीच मेगाज्यूलहून जास्त उष्णता त्यातच जाते. पण त्याहून वाईट म्हणजे आग तापतच नाही. धूर अर्धवट जळतो आणि बंबाच्या मधल्या नळीला, जी पाण्यामुळे थंड असते, काळा चिकट थर बसतो. तो थर बसला की पाणी तापायला आणखी वेळ, म्हणजे आणखी लाकूड.

मालवी माणूस

मी तिरपालीचं म्हणणं मागे घेतो. गोवऱ्यांचं मात्र नाही.

एक राहिलं. पावसाळ्यात थप्पीत साप-विंचू येतात. सासूबाईंना पहाटे अंधारात लाकूड काढायला पाठवू नका. बॅटरी लावा, आणि हात आत घालण्याआधी काठीने ठोका.

लष्करची सून

सासूबाईंना कुठे पाठवण्याची आमची काय बिशाद! नोंद केली.

(ऑक्टोबर) कोणी हा धागा पुढे वाचेल म्हणून लिहिते. थप्पी अंगणात, विटा-पटियांवर, वर यांचीच निळी तिरपाल बांबूवर ताणून. पहिल्या मोठ्या पावसात पश्चिमेची कड चांगली भिजली आणि यांनी लगेच चारी बाजू बांधायला काढल्या. कोकणातल्या दादांचं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा थांबले. कड खरंच सुकली. खडूचे आकडे पावसात पुसले गेले, म्हणून मग सुतळीला गाठी मारून खुणा केल्या. पावसाआधी वजन धडाधड उतरलं, जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ जागच्या जागी, आता पुन्हा उतरतंय. काका म्हणाले तस्संच. मांडीएवढे जे ओंडके फोडायचे राहिले ते मात्र हातात घेतल्यावर अजून जड लागतात.

आता दोन प्रश्न. हे जाड ओंडके या थंडीत चालतील का? आणि फोडताना निघालेल्या ढलप्या-सालींचा मोठा ढीग आहे, तो कशात ठेवू?

निवृत्त वखारवाला

जाड ओंडके पुढच्या वर्षी. आता वेळ मिळेल तसे फोडून थप्पीच्या मागच्या बाजूला लावा, पुढची बाजू आधी संपवा. दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहा. टण्ण आवाज आला तर बंबात, बद्द आला तर परत थप्पीत.

डिसेंबरमध्ये धुकं पडायला लागलं की तिरपालीखालचं लाकूडही सकाळी दमट लागतं. तेव्हा आठवड्यापुरतं आत आणून ठेवा. तुमची जिन्याखालची खोली आता कामाला येईल. वाळलेल्या लाकडाला खिडकी लागत नाही. सासूबाईंनाही सांगा, त्यांची जागा बरोबरच होती. आणायच्या आधी प्रत्येक तुकडा झटका, आणि खाली पटियेचा तुकडा टाका, चौकटीपासून लांब.

ढलप्या तागाच्या पोत्यात. खताची प्लास्टिकची पोती नकोत, त्यात घाम धरतो. पोती भिंतीच्या खुंटीला टांगा. उंदीर कमी येतात, आणि बंब पेटवताना हाताशी राहतात. साली वेगळ्या ठेवा. त्यांची राख जास्त होते, जाळी लवकर भरते. त्या शेकोटीला वापरा.