मदत हवी आहे : मामा तलावाच्या आजूबाजूची जमीन खरंच जास्त तापते का, सॅटेलाइटवरून कसं काढू?

नमस्कार मंडळी, मी साकोली तालुक्यातला, घरी धानाची शेती. आमच्या गावचा मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना सिंचन तलाव) गाळानं भरला, अर्ध्या पोटात बेशरमचं तण माजलं, मार्च संपला की पाणी एका कोपऱ्यात जाते. बाबा सांगते की पहिले मे महिन्यात पण ते बैल पाजायला तलावाच्या पाळीवरून (मातीच्या बांधावरून) अनवाणी जात, आता चप्पल घालूनही तळपाय भाजते. मला हे ग्रामसभेत नकाशावर दाखवायचं आहे, गाळ काढायचा ठराव घ्यायला लावायचा आहे, म्हणून आकडा चुकीचा नको.

गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन साधनात लँडसॅट 5 आणि 8 या उपग्रहांची एप्रिल-मे ची चित्रं घेतली, ढग काढले, थर्मल बँडला (उष्णता मोजणाऱ्या थराला) 0.00341802 ने गुणून 149 मिळवले आणि सेल्सिअससाठी 273.15 वजा केले, इथवर जमलं. हे जमिनीच्या पाठीचं तापमान आहे, हवेचं नाही, आणि सकाळी साडेदहाच्या आसपासचं आहे, हेही माहीत आहे. पण पुढचं समजून नाही राहिलं. ज्या वर्षी तलावाखाली उन्हाळी धान असते त्या वर्षी सगळ्या बांध्या (धानाचे वाफे) थंड दिसते आणि ज्या वर्षी पडीक त्या वर्षी लालभडक, मग ही वाढ तलावामुळे म्हणू की पिकामुळे? त्यात 2012 ला लँडसॅट 5 चं काहीच नाही अन् 7 घेतला तर चित्रात काळे पट्टे. मोडिस या दुसऱ्या उपग्रह-सेन्सरचं पण पाहिलं, पण त्याच्या चित्राचा एक चौकोन (पिक्सेल) 1 किलोमीटरचा, त्यात तलाव, बांध्या, गाव सगळं एकातच येते.

उत्तर : भाऊ, पट्टे 2003 पासूनचे आहेत, लँडसॅट 7 चा एक भाग बिघडला तेव्हापासूनचे, 2012 सोडून द्या, काही बिघडत नाही. आधी त्याच चित्रातून एनडीव्हीआय (हिरवळ किती ते सांगणारा आकडा) काढा आणि दरवर्षी फक्त उघड्या पडलेल्या बांध्याच मोजा, हिरव्या वगळा. मग सरळ आकडा न घेता त्याच दिवसाच्या चित्रातलं नवेगावबांधच्या मोठ्या तलावाच्या मधल्या पाण्याचं तापमान त्यातून वजा करा, त्या दिवसाचं ऊन-वारं बरंचसं कटते. आणि तलावाच्या काठाचे चौकोन घेऊ नका. फाइल 30 मीटरची दिसते पण थर्मल सेन्सर 8 चा 100 मीटरचा आणि 5 चा 120 चा, त्यामुळे पाणी नुसतं मागे सरकलं तरी काठ तापल्यासारखा दिसतो.

मूळ प्रश्नकर्ता : काठाचं लक्षातच नव्हतं दादा, माझा सगळ्यात लाल पट्टा तिथलाच होता, तो काढतो. पण आमचा तलाव अरुंद आहे, दोन्हीकडून 120 मीटर सोडले तर मधात जेमतेम दोन-तीन चौकोन उरते. तलाव सोडून फक्त पाळीखालच्या बांध्या धरल्या तर चालेल का? आणि उघड्या बांधीसाठी एनडीव्हीआय किती धरू, धान कापल्यावर तणस (धानाचा वाळला पेंढा) पडून असते ती पण मोजायची का?