मदत हवी आहे: वर्गणी गोळा करतोय, पण पावती कोणाच्या नावाने द्यायची?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहितेच. आम्ही नेरूळ-सीवूड्सची आठ-दहा पोरंपोरी आहोत, बहुतेक जण नोकरीला नुकतेच लागलेले, कोणी महापेला कोणी ऐरोलीला आयटीत. खारघरला टाटाचं कॅन्सर हॉस्पिटल अ‍ॅक्ट्रेक आहे माहितीच असेल, तिथे बिहार, झारखंड, बंगालहून लोक लेकरांना घेऊन येतात आणि ट्रीटमेंट महिनोन्महिने चालते, मग आईबापांनी तेवढे दिवस राहायचं कुठे? केमो चालू असलेल्या पोराला बाहेरचं खायला घालता येत नाही, ताजं शिजवलेलं लागतं, पाणी उकळून लागतं, म्हणजे नुसती पाठ टेकायला जागा मिळून भागत नाही, गॅस आणि ओटा हवाच. तिथे जवळच एक छोटी संस्था भाड्याच्या फ्लॅटमध्ये अशा कुटुंबांना ठेवते आणि त्यांच्या रेशनचा भार आम्ही उचललाय.

पैसे कसे जमतात तर सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज, रविवारी सकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबईला चालायला येणाऱ्या लोकांशी बोलणं, आणि दिवाळीत फराळाचं टेबल. सगळे पैसे आमच्यातल्या एका मैत्रिणीच्या सेव्हिंग खात्यात येतात, ती वाशीच्या एपीएमसीतून तांदूळ, तूरडाळ, तेल उचलते, बिलं ड्राइव्हवर टाकते, हिशोब पै-पैचा आहे. पण परवा टेबलावर एक आजोबा आले, चकलीचं पाकीट घेतलं, वर पाचशेची नोट काढली आणि खूप प्रेमाने विचारलं, "बाळ, पावती कोणाच्या नावाने देतेस?" आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी तरीही पैसे दिले, मला मात्र ते लागलं, कारण विचारायचा त्यांचा हक्कच आहे. शिवाय मैत्रिणीचे बाबा म्हणतायत की अनोळखी लोकांचे एवढे पैसे तिच्या खात्यात येतायत, उद्या इन्कम टॅक्सने विचारलं तर ती एकटी कुठे कुठे उत्तरं देणार. खरंय त्यांचं.

तर ट्रस्ट काढावा का? की न काढता काही सरळ मार्ग आहे? आणि दुसरं, आम्ही सगळे शिफ्टवाले, दर वेळी तेच चार जण राबतात, हे कसं सांभाळता तुम्ही लोक? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज सांगा, अगदी बारीकसारीकही चालेल.

सानपाडाकर:
ताई, आधी एक सांगतो, ट्रस्टच्या मागे लागू नका एवढ्यात. सोसायटी म्हणून संस्था रजिस्टर करायला कमीत कमी सात जण लागतात, मग धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी ऑडिट, कार्यकारिणीत कोणी बदललं की चेंज रिपोर्ट. तुमच्यातले दोघं बंगलोरला बदलून गेले की तो कागद पुरा करता करता रेशन राहील बाजूला. मी एका मंडळाचा खजिनदार होतो म्हणून पोटतिडकीने सांगतोय.

तुम्ही पैसे हातात घेऊच नका ना. टेबलावर त्या संस्थेचाच क्यूआर लावा, पैसे थेट त्यांच्या खात्यात आणि पावतीही त्यांची. तुमच्या मैत्रिणीचं खातं यातून बाजूला. फक्त त्याआधी संस्थेकडून १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणाऱ्याला करसूट) या नोंदणीची कॉपी, मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागून घ्या, ८०जीची मुदत असते ती संपलेली नाही ना बघा. नीट चालणारी संस्था आनंदाने देते, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

लोक ८०जी विचारतील तर त्यांना खरं तेच सांगा. रोख दोन हजारांच्या वर दिले तर सूट नाही. पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक द्यावा लागतो, नाहीतर संस्थेला १०बीडी, म्हणजे देणग्यांचं विवरण, भरताना ते नाव टाकता येत नाही आणि मग देणाऱ्याला १०बीई हे देणगीचं सर्टिफिकेट मिळत नाही. आणि नव्या टॅक्स रिजीमवाल्यांना ८०जीचा फायदा मिळतच नाही, तुमच्या वयाचे बरेच जण त्यातच असतील, त्यांना उगाच आशा लावू नका.

तरीही स्वतःच्या नावाने वर्गणी काढायचीच असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचं कलम ४१ सी बघा, गणपती मंडळं दरवर्षी धर्मादाय कार्यालयाकडून घेतात ती परवानगी. नेरूळ ठाणे जिल्ह्यात येतं म्हणून तुम्हाला ठाण्याचं कार्यालय. आणि खारघरला रस्त्यावर टेबल लावणार असाल तर तिथे पनवेल महापालिका आहे, नवी मुंबईची परवानगी तिथे चालणार नाही.

खारघरची मावशी:
मी पैशांबद्दल काही सांगणार नाही, ते वरच्या दादांनी सांगितलंय. माझ्या भाच्याची ट्रीटमेंट चालू होती तेव्हा बाकीची कुटुंबं मी रोज बघायचे म्हणून लिहिते. त्या लोकांना तांदूळ-डाळीइतकीच गरज असते कोणीतरी सोबत असण्याची. एक बाई मधुबनीहून आली होती, रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत मिळते हे तिला कळलंच नव्हतं, ठरलेल्या फॉर्मवर हॉस्पिटलचा सही-शिक्का घ्यावा लागतो. तिने पहिल्या खेपेला पूर्ण तिकीट काढलं होतं, तेही उसने पैसे घेऊन. तुमच्यातल्या हिंदी चांगलं बोलणाऱ्या दोघांनी आठवड्यातून एकदा फॉर्म भरायला बसलात तरी केवढं होईल. आणि प्लेटलेट्स लागतात गं सारख्या, धडधाकट पोरं आहात, ब्लड बँकेत नाव देऊन ठेवा. ज्यांना शिफ्टमुळे रविवारी टेबलावर उभं राहता येत नाही त्यांना ही कामं द्या, तेच चार जण राबतात हा प्रश्न बराचसा सुटेल. सगळ्यांना एकच काम सांगितलं की लोक गळतात.

मूळ धागाकर्ती:
काका, मावशी, मनापासून धन्यवाद. आज संस्थेच्या मॅडमशी बोलले, त्यांनी ८०जी आणि ऑडिट दोन्ही लगेच व्हॉट्सअ‍ॅप केलं, वर म्हणाल्या हे कोणीतरी विचारतंय याचंच बरं वाटलं. पुढच्या रविवारपासून त्यांचाच क्यूआर. मैत्रिणीच्या खात्यात जे शिल्लक आहे ते चेकने त्यांना देऊन बिलांसकट हिशोब ग्रुपवर टाकतोय. फॉर्मच्या कामाला एक जण लगेच तयार झाला, तो पाटण्याचाच आहे, मैथिलीही बोलतो.

एक विचारायचं राहिलं. लोक जुने कपडे आणि बिस्किटांचे पुडे आणून देतात, प्रेमानेच देतात, पण त्या फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नाही आणि मुलांना बिस्किटं चालतीलच असं नाही. नाही कसं म्हणायचं?

खारघरची मावशी:
नाही म्हणूच नकोस. टेबलावर मोठ्या अक्षरात यादी लाव: तूरडाळ, तेल, साबण, पाच लिटरचा कुकर, मुलांचे मास्क, डिजिटल थर्मामीटर. दर आठवड्याला मॅडमना विचारून बदलत जा. काय हवंय ते समोर दिसलं की माणूस तेच आणतो. आणि कुकर माझ्याकडून धर, शनिवारी संस्थेत आणून देते.