पोरांच्या एटमध्ये कॉक्स केलंय, बोट सापासारखी जाते आणि कोण ऐकत नाही, काय करू?

शहापूरची_पोर
नमस्कार मंडळी. ग्रुप आपला बेळगाव-खानापूर-निपाणीकडचा, इथं होडीचं कुणाला काय कळणार असं दादा म्हणाला, खरं आपल्याकडची एवढी माणसं मिलिटरीत आहेत, कुणी ना कुणी पुण्यात रोइंग केलेलं असणारच म्हणून विचारते. मी शहापूरची, पुण्यात इंजिनिअरिंगला सेकंड इयर, दिवाळीला घरी आलेय. कॉलेजच्या बोट क्लबात माझं वजन ४७ किलो बघून मला डायरेक्ट पोरांच्या एटमध्ये (आठ जण वल्हवतात ती बोट) कॉक्स म्हणून बसवलं, म्हणजे स्वतः न वल्हवता बोट वळवायची आणि पोरांना ओरडून सांगायचं, पोहायला येतं काय एवढं विचारलं, बाकी काय शिकवलं नाही.

आता तीन भानगडी आहेत. एक, बोट सरळ जात नाही, डावीकडं गेली म्हणून बोट वळवायची उजवी दोरी ओढते तर तिकडं इतकी जाते की परत डावी ओढावी लागते. दोन, सगळे सीनियर, मी ओरडले तर हसतात, गप्प बसले तर म्हणतात झोपलीस काय. तीन, आपली बोली. गेल्या आठवड्यात मी बोलून गेले, 'जोर लावा खरं एकसारखा!' आपल्याकडं खरं म्हणजे पण हे त्यांना काय माहीत, सहा नंबरच्या सीटवरचा म्हणतो, 'मग काय खोटा लावालोय?' अख्खी बोट हसायला लागली आणि तीन नंबरचं वल्हं पाण्यात अडकून दांडा त्याच्या पोटात. त्यावरनं कोचनी मलाच झापलं. फेब्रुवारीत रेगाटा (बोटींच्या रेस) आहे. आणि वजन अजून कमी करू काय? पोरं म्हणतात तू जेवढी हलकी तेवढं बरं, दिवाळीचा फराळ समोर आहे आणि मी नुसती बघत बसलेय.

डबल_ट्रॉली
ताई मला त्या रोइंगमधलं ओ की ठो कळत नाही खरं तुझं सापासारखं वाचलं आणि राहवेना. मी सीझनला ऊस ओढतो, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. नवीन ड्रायव्हर असला की हेच होतं बघ, मागची ट्रॉली हलली म्हणून हा स्टेअरिंग फिरवतो, मागच्या ट्रॉलीपर्यंत ते पोचायला वेळ लागतो, तोवर ह्याला वाटतं काय झालंच नाही म्हणून आणि फिरवतो, मग दोन्ही एकदम अंगावर येतं. आमच्या मामानं मला एकच सांगितलेलं, बॉनेटकडं बघू नको, लांबचा एक खांब धर आणि स्टेअरिंग थोडं हलवलंस की हात गप्प ठेव, तिला यायला वेळ दे. बोटीला लागू पडतंय काय ते मिलिटरीवाल्यांनी सांगा.

चिक्कोडी_एक्सप्रेस
कॉक्स म्हणजे ते केरळच्या बोटीत उभं राहून ताल धरतात तेच ना? मग ढोल घेऊन जा की, कोण हसणार नाही 😄

रिटायर्ड_सुभेदार
चिक्कोडीवाले, ते वेगळं, ते वेगळं. ह्या बोटीत उभं राहिलं तर नऊच्या नऊ जण पाण्यात.

पोरी, मी पुण्यात आर्मीच्या बोटीत चार वर्षं सहा नंबरला होतो (तुझ्या सहा नंबरच्या वतीनं माफी मागतो). ट्रॉलीवाल्यांनी लाखाचं सांगितलंय. एट असते १७-१८ मीटर लांब आणि तिचं रडर (दोरीनं हलणारी, बोट वळवायची पट्टी) पत्त्याच्या पानाएवढं, त्यामुळं तू दोरी ओढलीस की लगेच काय दिसत नाही, दोन-तीन स्ट्रोक (वल्ह्याचे ओढे) गेल्यावर नाक वळायला लागतं. नवीन कॉक्स तेवढा धीर धरत नाही. लांबचं एक झाड नाहीतर बिल्डिंग धर, बोटीचं टोक त्याच्यावर ठेव. रेसच्या लेनमध्ये दोन्हीकडं बॉयाच्या (तरंगत्या गोळ्यांच्या) रांगा असतात, त्या लांब कुठं एकत्र येतात तिकडं नजर. आणि दोरी कधी ओढायची, तर आठही वल्ही पाण्यात असताना, तेव्हा बोट आठ पायांवर उभी असते. वल्ही वर असताना ओढलीस की बोट एका अंगावर पडते आणि शिव्या मात्र चार नंबरला बसतात. मनगट बोटीच्या काठावर टेकव, नुसत्या बोटांनी दोरी धर, हात हवेत असला की दचकलीस तरी रडर हलतं. दर वेळी रडर लावलं की बोट थोडी अडते हे पण लक्षात ठेव. जास्तच वळवायचं असेल तर रडर सोड आणि एका बाजूला जोर वाढवायला सांग.

आता ओरडण्याचं. आठही जण मागं तोंड करून बसलेले, पुढं बघणारी तू एकटी. त्यांना तुझ्याकडनं 'शाब्बास', 'मारा मारा' नको असतंय, ते काठावरचे लोक फुकट ओरडतात. त्यांना माहिती पाहिजे. किती मीटर झाले, रेट (मिनिटाला स्ट्रोक) किती, शेजारची बोट कुठं. आमचा कॉक्स म्हणायचा, 'त्यांचा पाच नंबर माझ्या शेजारी आहे, दहा स्ट्रोकमध्ये चार नंबर पाहिजे.' मग दहा मोजायचा आणि सांगायचा, 'चार आला', म्हणजे आपण एक सीट पुढं सरकलो. खोटं नाही. पुढच्या बोटीवरनं सीट सीट खात जायला जी मजा येते ती लाडूत नाही.

आणि एक दुसरा कॉक्स होता त्याचंही सांगतो. एका रेसमध्ये ५०० मीटर राहिलेले असताना 'शेवटचे वीस' म्हणाला. २००० मीटरला एटचे साधारण सव्वादोनशे स्ट्रोक होतात, वीस स्ट्रोक म्हणजे २०० मीटरच्या आसपास, ह्यानं हिशोब न करता जोशात सांगितलं. आम्ही होतं नव्हतं ते सगळं ओतलं, वीस झाले, लाईन काय आली नाही. हा परत म्हणतो 'अजून वीस'. त्या दुसऱ्या वीसला माझ्या मांड्यांत नुसती आग होती आणि डोक्यात फक्त एवढंच, उतरल्यावर ह्याला पाण्यात टाकायचा. चौथे आलो. पुढं सीझनभर तो काय बोलला तरी निम्मी बोट ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तुझ्या पोरांचं हसणं चार दिवसांत थांबेल, खरं आकडा एकदा चुकलीस की महिनाभर भरून येत नाही.

'खरं'चं म्हणशील तर बोली लपवू नको. काठावर बसून दहा-बारा शब्द आधी ठरवून घ्या, कुठल्या शब्दाला काय करायचं, आणि बोटीत तेवढेच वापर. थांबायचं तर ईझी ऑल, अडवायचं तर होल्ड वॉटर. लांबलचक वाक्य बोललीस की ते संपेपर्यंत दोन स्ट्रोक होऊन जातात.

२०२३ ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये आपल्या पुरुष एटला सिल्व्हर मिळालं, ५:४३.०१, चीन ५:४०.१७. कॉक्स होता धनंजय उत्तम पांडे. वल्हं न मारता पदक गळ्यात, उगीच देत नाहीत.

खानापूरची_वहिनी
सुभेदार काका तुम्ही वजनाचं सोडलंच. अगं आधी फराळ खा! मी पण कॉलेजात दोन वर्षं कॉक्स होते, हाच मूर्खपणा केला, काकडी खाऊन राहिले आणि सकाळी बोट उचलताना चक्कर आली. वर्ल्ड रोइंगच्या (रोइंगची जागतिक संघटना) नियमात कॉक्सचं कमीत कमी वजन ५५ किलो, पुरुषांची बोट असो की बायकांची. त्याच्या खाली असलीस तर वाळूची पिशवी घेऊन बसायचं, जास्तीत जास्त १५ किलोपर्यंत, आणि ती तुझ्या जवळच ठेवायची. म्हणजे तू ४७ ची ४५ झालीस तरी बोटीला काय फरक नाही, पिशवी ८ ची १० किलोची होईल. तुमच्या रेगाटाचा आकडा आयोजकांना विचारून घे. आणि मुलगी म्हणून कोण बोललं तर सांग, २०१७ पासून कॉक्स कुठल्याही बोटीत कुणीही चालतो. टोकियो ऑलिंपिकला न्यूझीलंडच्या बायकांच्या एटला सिल्व्हर मिळालं त्यात कॉक्स बाप्या होता, केलेब शेफर्ड.

आवाजाचं म्हणजे घशातनं ओरडू नको, पोटातनं काढ. मी आमच्या गावच्या भजनात टाळ धरणाऱ्या आजोबांकडनं शिकले, ते दोन तास गायचे आणि घसा बसायचा नाही. कॉक्स बॉक्स (कॉक्सचा माईक-स्पीकर) असेल तर मग ओरडायचंच नाही, माईक ओठाजवळ ठेव आणि साधं बोल. वल्हं पाण्यात पडतानाचा शब्द तुटक, ओढतानाचा लांब, पोरं शब्द ऐकत नाहीत, त्याचा नाद ऐकतात. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेकॉर्डिंग चालू ठेव आणि रात्री एकटी ऐक. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दहा मिनिटांत 'चला चला' चाळीसेक वेळा म्हणालेले, मलाच लाज वाटली.

आणखी एक, नदीत जलपर्णी असेल तर बोट एकाच बाजूला ओढायला लागली की आधी बोटीच्या तळाच्या फिनमध्ये (उभ्या पात्यात) काय अडकलंय काय बघ. दोन स्ट्रोक उलटे मारायला लाव, निघून जातं. मी अख्खी एक सकाळ दोन नंबरवर चिडले होते आणि निघाली वीतभर जलपर्णी.

रिटायर्ड_सुभेदार
वहिनींचं बरोबर. बोट पाण्यात घालायच्या आधी रडर, फिन, बुटांच्या टाचेच्या दोऱ्या, पुढचा रबरी बॉल हे सगळं स्वतः हात लावून बघायचं. बोट उलटली तर त्या दोरीमुळंच पाय बुटातनं सुटतो. ते कॉक्सचं काम, कोच सांगो न सांगो.

शहापूरची_पोर
सगळ्यांना लई थँक्यू, चकली खात लिहितेय 🙏 काल पाडव्याला गवळ्यांच्या म्हशी बघायला गेलो होतो तिथं एवढ्या गर्दीत एक पोरगा एका शब्दावर म्हैस थांबवत होता, बघून काकांचं दहा-बारा शब्दांचं एकदम पटलं. रात्री बसून बारा शब्दांची लिस्ट केली आणि क्रूच्या ग्रुपवर टाकली. पहिला रिप्लाय सहा नंबरचा, 'ह्यात खरं पण घाल, ते म्हटलं की दहा स्ट्रोक फुल पॉवर.' बाकीच्यांनी अंगठे दाखवले. आता ते चेष्टा करतात की सिरीयस आहेत सोमवारी पाण्यात कळेल.

वाळूच्या पिशवीचं आईला सांगितलं, तर म्हणते आठ किलो ओझं न्यायचंच असेल तर वाळू कशाला, आपला बेळगावी बासमती ने, होस्टेलवर भात तरी होईल.

डबल_ट्रॉली
भिजला तर तिथंच इडली घाल